‘सोडणे’ आलं कुठून? क्रियापदाचा अर्थ आणि मूळ शोधायची नीट पद्धत, पायरी पायरीने

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, अमुक शब्द कुठून आला, आणि खाली दहा मिनिटांत पंधरा उत्तरं पडतात. ‘सोडणे’ वर परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन थिअऱ्या आल्या. एक म्हणे हिंदी ‘छोड़ना’ वरून आला, दुसरी म्हणे ‘स्व + उडणे’, स्वतः उडून जाऊ देणे म्हणून सोडणे, आणि तिसऱ्याने थेट इंग्रजी ‘शूट’ ला नेऊन भिडवला. तिन्ही चूक आहेत आणि तिघांची चूक एकाच जातीची आहे, शोध उलट्या टोकाकडून सुरू केलाय. आधी मूळ ठरवलं आणि मग शब्द त्याच्यावर बसवला.

म्हणून खाली क्रम देतोय. उदाहरण हेच घेतलंय, गाठ, नाडी, वेणी, दावं सोडायचं ते रोजचं ‘सोडणे’. पण पद्धत कुठल्याही क्रियापदाला चालेल.

तयारी: काय काय जवळ हवं

एक वही किंवा साधी एक्सेल शीट, चार कॉलमवाली: वाक्य, अर्थ, शेजारच्या भाषेतला शब्द, जुनं रूप. एवढं पुरतं.

कोश हे लागतील. मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती 1831, आपण वापरतो ती 1857 ची दुसरी), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938, सात खंड), कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश (1946), जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश (1999), प्राकृतासाठी (संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यातल्या बोली) हरगोविंददास सेठ यांचा ‘पाइअ-सद्द-महण्णवो’, आणि सगळ्यांच्या वर टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश (1962 ते 66). विकत घ्यायची गरज नाही, यातले बरेचसे शिकागो युनिव्हर्सिटीच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर फुकट सर्च करता येतात. ध्वनी कसे बदलले ते समजून घ्यायचं असेल तर झ्यूल ब्लॉकचं मराठीच्या जडणघडणीवरचं 1920 चं फ्रेंच पुस्तक आहे, वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचं मराठी भाषांतर केलंय.

सावधान: जुन्या कोशांत क्रियापद ‘सोडणें’ असं छापलेलं असतं, शेवटच्या णे वर अनुस्वार. तुम्ही ‘सोडणे’ टाइप करून सर्च मारला की काही येत नाही आणि लोक म्हणतात कोशात शब्दच नाही! नुसतं ‘सोड’ टाका. टर्नरमध्ये तर सगळं रोमन लिपीत, तेही ड आणि ण खाली टिंब देऊन, त्यामुळे तिथे मराठी शब्दांची वेगळी सूची आहे तिच्यातून आत शिरा.

1. कोश बंद ठेवा, आधी वाक्यं गोळा करा

हीच पायरी सगळे गाळतात. किमान वीस वाक्यं, स्वतःच्या कानावर पडलेली. माझ्या यादीतली काही: गाठ सोड. नाडी सोडली. केस मोकळे सोडले. गाय सोडली चरायला. कालव्याला पाणी सोडलं. बाण सोडला. श्वास सोडा. नोकरी सोडली. सिगरेट सोडली (तिसऱ्यांदा). आईला स्टेशनवर सोडून आलो. फर्मान सोडलं. पोळ सोडला देवाच्या नावाने. उपास सोडला. सोवळं सोडलं. इस्टेटीवर पाणी सोडलं. एक ओळ सोडून लिही. प्राण सोडला.

सोबत ज्या वाक्यात ‘सोडणे’ चालत नाही तीही लिहा, ती जास्त कामाची असतात. दार सोडत नाही, दार उघडतो. शिवण सोडत नाही, उसवतो. गुंता ‘सोडत’ नाही, गुंता ‘सोडवतो’. चेन उघडतो. बुटाची लेस सोडतो पण बूट काढतो. शर्टाचं बटण मात्र तिन्ही, सोड, काढ, उघड, आणि त्यात ‘बटण काढ’ म्हटलं की ते काजातून काढायचं की धागा कापून शर्टापासूनच वेगळं करायचं हे बोलणाऱ्याच्या हातात कात्री आहे का बघून ठरवावं लागतं.

तपासा: यादीत निदान पाच वाक्यं हाताने करायच्या कामाची आहेत का? नुसती ‘आशा सोडली’, ‘हट्ट सोडला’ असली वाक्यं असतील तर परत बसा.

2. सगळ्यांत जुना दिसणारा अर्थ वेगळा करा

इथे प्रश्न एकच विचारायचा. ही क्रिया व्हायच्या आधी तिथे काय होतं?

माझी आजी मिठाईच्या पुड्याचा दोरा कधी कापू द्यायची नाही. मी कात्री घेऊन आलो की म्हणायची, “कापू नको रे, सोड. दोरा परत लागतो.” मग नखाने गाठीचा एक पदर थोडा वर काढायचा, तो पुढे ढकलायचा, गाठ ढिली झाली की उलट बाजूने ओढायचा, आणि मोकळा झालेला दोरा जुन्या रिळाला गुंडाळायचा. पाच मिनिटं पेढ्याकडे बघत बसायचं. पण त्यात ‘सोडणे’ चा पूर्ण अर्थ आहे: काहीतरी धरून होतं, ती पकड काढली, आणि धरणारा दोरा आणि धरलेला पुडा दोघं धड राहिले. कापणे, तोडणे, उसवणे यात धरणारा मरतो. सोडण्यात मरत नाही.

आता ही पट्टी यादीवर लावून बघा. गाय: दाव्याने धरलेली होती. पाणी: दरवाजाने धरलेलं होतं. श्वास: छातीत धरला होता. स्टेशनवर आई: माझ्या सोबतीत होती, तिथून पुढे तिची ती. नोकरी, सिगरेट: इथे तर मीच धरून बसलो होतो (किंवा तिने मला). म्हणजे बांधलेलं मोकळं करणे हा गाभा आणि बाकीचे अर्थ त्याच्यावर चढलेले. ‘त्याग करणे’ हा मूळ अर्थ नाही, तो नंतरचा, पण आपण शहरातली माणसं गाय कमी सोडतो आणि नोकऱ्या जास्त, त्यामुळे डोक्यात तोच आधी येतो.

‘उपास सोडला’ जरा थांबून बघण्यासारखं आहे. संध्याकाळी भगर आमटी सोडून वरणभात खाल्ला तरी उपास सोडला, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कायमचे गुरुवार बंद केले तरी उपास सोडला. पहिल्यात दिवसभराचा नियम सुटतो, दुसऱ्यात नियमाचाच नियम.

सावधान: मूळ शोधताना पुढे जे काही सापडेल त्याचा अर्थ या गाभ्याशी जुळला पाहिजे. ‘त्याग’ शी जुळवायला गेलात तर चौथ्या पायरीवर सपशेल आपटाल, मी आपटलोय.

3. घरातली भावंडं मांडा

एकटं क्रियापद घेऊन कधीच शोधू नका. ‘सोडणे’ च्या घरात सुटणे, सोडणे, सोडवणे हे तिघे, आणि मग सुटका, सुटी, सूट, सुटे पैसे, सुटसुटीत, सोडत, सोडचिठ्ठी, सोडवणूक.

तिघांचं काम वेगळं आहे. गाठ आपोआप सुटते (किंवा सुटत नाही). मी ती सोडतो. आणि जिथे अडकलेल्याला बाहेर काढायचंय तिथे सोडवतो: गुंता, गणित, भांडण, सोनाराकडे गहाण पडलेल्या बांगड्या.

आता एक बारकावा बघा, पुढे सगळा खटला याच्यावर उभा आहे. सुटणे मध्ये ट आहे, सोडणे मध्ये ड आहे, आणि उ चा ओ झालाय. ही एकट्याची लहर नाही. तुटणे-तोडणे. फुटणे-फोडणे. सुटणे-सोडणे. तीन जोड्या एकाच साच्यातल्या. म्हणजे जे काही मूळ सांगाल ते दोघांनाही पुरलं पाहिजे, ट का राहिला आणि ड का झाला दोन्हीचं उत्तर त्यात हवं. ‘स्व + उडणे’ ला विचारा बरं ‘सुटणे’ कुठून आलं. गप्प बसेल.

4. जुन्या मराठीत डोकवा

आता कोश उघडा, पण आधी जुनी मराठी. तिथे रूपं वेगळी असतात, ‘सोडला’ शोधू नका, ‘सोडि’ ने सुरू होणारी शोधा, सोडिला, सोडिले, सोडूनि अशी.

आणि इथे तो खड्डा आहे. जुन्या मराठीत ‘टाकून देणे, त्याग करणे’ या अर्थाने ‘सांडणे’ ढिगाने सापडतं. पसायदानात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ म्हणतो आपण, म्हणजे दुष्टांचा वाकडेपणा सुटो, जावो. अर्थ तोच, सुरुवातीला स, शेवटी ड. मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत होतो की सांडणे आणि सोडणे एकच शब्द, जुना आणि नवा. एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत सांगितलं आणि समोर बसलेल्या एका निवृत्त प्राकृतच्या बाईंनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून विचारलं, “मग ओ कुठून आला?” उत्तर नव्हतं.

सांडणे चं मूळ संस्कृत छर्दयति, ओकणे, बाहेर टाकणे (आयुर्वेदातली छर्दी तीच), प्राकृतात छड्डइ, आणि मराठीत सांडणे. म्हणून तर आज ताक सांडतं, दूध सांडतं, मूळचा ओतण्याचा अर्थ अजून जिवंत आहे. सोडणे चं कुळ वेगळं. दोघांचे अर्थ मध्येच कधीतरी एकमेकांच्या अंगणात शिरले एवढंच.

तपासा: दोन शब्दांचा अर्थ जुळतोय पण स्वर जुळत नाहीत? दोन वेगळे कागद करा. नंतर एकत्र करता येतात, आधीच एकत्र केलेले वेगळे करणं फार अवघड जातं.

5. शेजारी विचारा, पण शेजाऱ्याला बाप करू नका

हिंदी छोड़ना आणि छूटना, गुजराती छोडवुं आणि छूटवुं, कोकणी सोडप आणि सुटप. शीटच्या तिसऱ्या कॉलममध्ये टाका.

आता लोक इथे उडी मारतात, हिंदीत छ आहे, आपल्याकडे स, म्हणजे आपण हिंदीतून घेतला आणि बिघडवला. असं नसतं. हे दोघं भाऊ आहेत. प्राकृतातल्या छ चा मराठीने स केला, हिंदीने छ ठेवला, आणि हे एका शब्दापुरतं नाही. हिंदी पूछना, मराठी पुसणे. छह, सहा. छुरी, सुरी. कछुआ, कासव. पुढे इ किंवा ए आला की स ऐवजी श, म्हणून छींक आणि शिंक. संस्कृत क्ष चाही प्राकृतात अनेकदा छ होतो आणि मग तीच वाट, म्हणून मक्षिका ची मच्छिआ आणि मग माशी, इक्षु चा उच्छु आणि मग ऊस, क्षेत्र चं छेत्त आणि मग शेत. इथे हिंदीने दुसरी वाट धरली, मक्खी, खेत.

उलट बाजूने हाच नियम चाचणी म्हणून वापरा. मराठी शब्दात छ तसाच शाबूत दिसला की संशय घ्या, तो बहुधा थेट संस्कृतातून उचललेला (छंद, छत्र) किंवा शेजारून आलेला. मुंबईत एकाच गल्लीत एका पाटीवर ‘मासळी बाजार’ आणि दुसरीवर ‘मच्छी मार्केट’ दिसतं, मत्स्य दोन्हीकडे एकच, फक्त एक घरच्या रस्त्याने आलाय आणि एक बाहेरून. सोडणे मध्ये स आहे, सुटे पैसे मध्ये स आहे. घरचेच.

सावधान: शेजारचा प्रत्येक शब्द भाऊ नसतो. पंजाबी ‘छड्ड’ आणि बंगाली ‘छाड़ा’ अर्थाने सोडणेच, पण ते छर्दयति च्या घरातले, म्हणजे आपल्या ‘सांडणे’ चे भाऊ. ओ नाही बघा त्यांच्यात. बाईंचा प्रश्न इथेही चालतो.

अजून एक, दाते-कर्वे कोशात नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात मूळ देतात आणि पुढे हिं., गु., बं. अशी रूपं देतात. ती तुलनेसाठी आहेत. ‘हिं.’ दिसलं की ‘हिंदीतून आला, कोशातच लिहिलंय’ असं स्क्रीनशॉट टाकून सांगणारे मी पाहिलेत.

6. प्राकृत: खरं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं

इथे घाई करू नका, लोक मराठीवरून थेट संस्कृतात उडी मारतात आणि मधला हजार वर्षांचा पूल सोडून देतात. प्राकृतात दोन रूपं मिळतात, छुट्टइ म्हणजे सुटतो आणि छोडइ म्हणजे सोडतो. बस, जोडी इथेच तयार आहे.

आता तिसऱ्या पायरीतला ट-ड चा प्रश्न. दोन स्वरांच्या मध्ये एकटा ट आला की त्याचा ड होतो: घोटक चा घोडा, कीटक चा किडा, कटु चा कडू. पण ट जोडाक्षरात, ट्ट असेल, तर तो टिकतो, मराठीत एक ट उरतो: पट्ट चा पाट. म्हणून छुट्ट मधला जोड ट्ट ‘सुट’ मध्ये ट म्हणून राहिला, आणि छोडइ च्याही आधीच्या ‘छोट’ मधला एकटा ट ‘सोड’ मध्ये ड झाला. तुटणे-तोडणे (त्रुट्यति, त्रोटयति) आणि फुटणे-फोडणे (स्फुट्यते, स्फोटयति) यांचंही हेच. उ चा ओ हा संस्कृतातला जुना प्रयोजकाचा गुण (म्हणजे स्वर चढवणे), ‘करायला लावणे’ दाखवणारा, तो मराठीला वारशात मिळाला आणि आपण रोज नकळत वापरतो.

मला हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी बायकोला उठवून सांगितलं. तुम्ही नका उठवू.

तपासा: सांगितलेला प्रत्येक ध्वनिबदल निदान आणखी तीन शब्दांत दाखवता येतो का? येत नसेल तर तो नियम नाही, जुगाड आहे.

नियम मोडल्यासारखा वाटला तर लगेच ‘अपवाद’ म्हणून सोडूनही देऊ नका. हिंदी बिच्छू, मग मराठीत विसू का नाही, विंचू का? तर वृश्चिक चं प्राकृतात विच्छुअ सारखं रूप आहे तसं विंचुअ असंही आहे, तिथे छ नाहीच, च आहे. मराठी दुसऱ्यावरून आली. नियम शाबूत.

7. संस्कृत, आणि थांबायचं कुठे

टर्नर हे कुळ क्षोटयति, ‘फेकतो’, या रूपाखाली नेतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘क्षोट’ फेकणे या अर्थाने आहे, ‘छुट्’ कापणे या अर्थानेही आहे, आणि काही मराठी कोश छुट् कडे बोट दाखवतात. ध्वनीच्या बाजूने दोन्ही चालतील, क्ष आणि छ दोघांचाही शेवटी स होतो. अर्थाच्या बाजूने मला क्षोट बरा वाटतो, फेकणे आणि हातातून मोकळं करणे जवळजवळ आहेत (बाण सोडणे आठवा), आणि कापणे म्हणजे तर आजीने नको म्हटलेलं तेच.

पण धातुपाठात असणं वेगळं आणि लोकांच्या वापरात असणं वेगळं. बोलीतल्या कितीतरी धातूंना नंतर संस्कृत कपडे घालून यादीत बसवलंय. म्हणून या टप्प्यावर ‘सिद्ध’ हा शब्द वापरायचा नाही. प्राकृत छुट्ट-छोड पर्यंत पक्कं, त्याच्या वर बहुधा क्षोट, असं लिहायचं.

सावधान: टर्नरच्या कोशात शब्दाआधी तारा (*) असेल तर ते रूप कुठल्या ग्रंथात मिळालेलं नाही, हिशोबाने उभं केलंय. तारा गाळून कॉपी करणं ही फार मोठी चूक आणि फार कॉमन.

संस्कृतात सोडण्यासाठी नेहमीचा धातू मुच्, मग सोडणे त्याच्यावरून का नाही, असं हटकून विचारतात. कारण म ला स करायची वाटच नाही. आणि मुच् मराठीत हरवलेला नाही, तो मुकणे आणि मोकळा मध्ये बसलाय. पुस्तकाचं विमोचन करताना पाहुणे फीत सोडतात तेव्हा मुच् आणि सोडणे एकाच स्टेजवर असतात, नातं मात्र काही नाही.

8. टिपण लिहा, तीन ओळींत

लांब लिहिलं की लोक वाचत नाहीत आणि परत ‘शूट’ वर जातात. माझं टिपण असं:

सोडणे: बांधलेलं, धरलेलं मोकळं करणे, त्यावरून जाऊ देणे, त्याग करणे. जोडीदार सुटणे, प्रयोजक सोडवणे. प्राकृत छोडइ, छुट्टइ. टर्नर क्षोटयति कडे नेतो. हिंदी छोड़ना, गुजराती छोडवुं, कोकणी सोडप हे भाऊ. सांडणे वेगळं (छर्दयति).

हाताला सवय होण्यासाठी पुढचं ‘उघडणे’ घ्या, सोपं आहे. संस्कृत उद्घाटयति, प्राकृत उग्घाडइ, परत तोच एकटा ट आणि त्याचा ड. म्हणजे नगरसेवक ज्याचं उद्घाटन करतात आणि आपण सकाळी दूधवाल्याला जे उघडतो ते एकच. उघडा, उघड, आणि पावसाने दिलेली उघाड ही भावंडं मांडून बघा, मग जोडीला ‘झाकणे’ घ्या. ‘उसवणे’ मात्र ‘शिवणे’ शेजारी ठेवल्याशिवाय सुरू करू नका, आणि ‘खोलणे’ घ्याल तेव्हा आधी हे बघा की तुमच्या घरात कोण खोलतं आणि काय खोलतं. आमच्याकडे फक्त मेकॅनिक खोलतो, इंजिन.